दोन काटे

२०२४च्या मे महिन्यात माझ्या गाडीचे दोन काटे एकाच दिवशी खोटं बोलायला लागले. त्यातल्या एकाचं खोटं मी त्याच संध्याकाळी पकडलं. दुसऱ्याचं पकडायला तीन आठवडे लागले, आणि तेही मी पकडलं असं म्हणता येणार नाही. राजनांदगावच्या पुढे, चिचोला ओलांडल्यावर, भर दुपारी गाडी बंद पडली आणि ते आपोआप उघडं झालं. मागच्या सीटवर माझी शहात्तर वर्षांची आई होती.

गाडी १९८६ची ॲम्बॅसडर, मार्क फोर. वडिलांनी रायपुरात नवी घेतलेली. ते गेल्यावर ती विकावी असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं, आणि सगळ्यांचं मत असूनही ती विकली गेली नाही, यावरून काय ते समजावं. जुनी गाडी ठेवणाऱ्याला रविवारी एक काम लागतं. एप्रिलच्या शेवटी एका रविवारी मी डॅशबोर्ड उघडून आतली धूळ काढली, सुटलेल्या वायरी पुन्हा टेपनं गुंडाळल्या, सगळं जागच्या जागी बसवलं आणि स्वतःवर खूश झालो. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे. तेव्हा तो मला महत्त्वाचा वाटला नव्हता.

थोड्याच दिवसांनी रिंग रोडवर तापमानाचा काटा एरवीची मधली जागा सोडून थेट एचकडे गेला. मे महिन्यातलं रायपूर म्हणजे संध्याकाळी सहालाही डांबर मऊ असतं. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, थांबलो. वाफ नाही, जळका वास नाही, रेडिएटरचा वरचा होजपाइप गरम, पण नेहमीइतकाच. घरी येऊन इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. रेडिएटरचं झाकण काढलं, आत स्वयंपाकघरातला थर्मामीटर सोडला आणि मग इंजिन चालू ठेवलं. पाणी हळूहळू चढत ८४ अंशांवर आलं आणि तिथंच राहिलं. या इंजिनाला ते अगदी योग्य. समोर काटा मात्र एचला टेकलेला. म्हणजे इंजिन खरं, काटा खोटा. मला फार बरं वाटलं. इंजिन खोलायचं म्हटलं तर चाळीस-पन्नास हजारांचा प्रश्न असतो, काटा म्हणजे काहीशेचा.

पुढची तपासणी पंडरीच्या जुन्या बसस्टँडकडे बसणाऱ्या आमच्या मिस्त्रींनी केली, तीही शास्त्रशुद्ध. या गाडीत इंजिनाच्या डोक्यावर, पाण्यात बुडलेला, एक लहानसा पितळी बल्ब असतो. मिस्त्री त्याला नुसतं सेंसर म्हणतात. पाणी तापेल तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो, जास्त करंट वाहतो आणि काटा चढतो. मिस्त्रींनी सेंसरची वायर काढली, काटा खाली सीवर आला. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, काटा वर एचवर गेला. म्हणजे वायर धड, काटाही हलतोय. राहिला सेंसर. तो बदलला. काटा पुन्हा एचवर. आणखी एक बदलला. तेच. त्या दिवशी त्यांच्याकडे गाड्यांची रांग होती. ते म्हणाले, "मीटर ही गड़बड़ होगा भैया, पानी देखते रहिए, चला लीजिए." आणि छत्तीसगढीत, पोराला सांगावं तसं, "कांटा ल झन देख, पानी ल देख." काट्याकडे बघू नको, पाण्याकडे बघ.

मी तीन आठवडे तसंच केलं. रोज सकाळी पाणी बघायचं, काट्याकडे बघायचं नाही. घरातही तसं सांगून ठेवलं, तो काटा तसाच आहे, घाबरू नका.

त्या तीन आठवड्यांत पेट्रोलचा काटाही रोज माझ्या समोर होता. तो जरा वर होता. वीस लिटर टाकलं तेव्हा अर्ध्याच्या बराच वर गेला, आणि शहरात नव्वद किलोमीटर फिरूनही म्हणावा तसा उतरला नाही. मला ते दिसलं होतं. मी मनात म्हटलं, कार्बोरेटर साफ केल्याचा फायदा झाला म्हणायचा.

•

२८ मेला आईला घेऊन नागपूरला निघालो. बहिणीकडे महिनाभर राहायची तिची इच्छा होती. नवतपा सुरू होऊन चौथा दिवस. पहाटे चारला निघायचं ठरवून आम्ही साडेनऊला निघालो. आमच्या घरात हे असंच होतं. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. पंप दिसत होते. काटा पाव टाकीच्या वर होता, देवरीला टाकू म्हटलं. चिचोल्याच्या पुढे गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. तापमानाचा काटा एचवर होताच. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की अखेर तो खरं बोलत होता. बॉनेट उघडलं. पाणी पुरेसं होतं. पेट्रोल पंपाची नळी काढून बघितली, कोरडी. पेट्रोलचा काटा अजूनही पावाच्या खुणेजवळ उभा.

"काहून थांबली रे?" आईनं विचारलं. ती मूळची नागपूरची, रायपुरात चोपन्न वर्षं काढूनही तिचं 'काहून' सुटलं नाही.

"पेट्रोल संपलं."

"पण तू तर म्हणाला होतास, आहे."

एक ट्रकवाला थांबला. त्याचा क्लीनर मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून परत चिचोल्याकडे गेला. बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाले सहजी तयार होत नाहीत, त्यामुळे त्याला यायला सव्वा तास लागला. आम्ही पळसाच्या विरळ सावलीत बसलो. मी आईला पाणी देत होतो, ती एक घोट घेऊन बाटली परत करत होती. तहान नाही म्हणाली. तिला घामही येत नव्हता. मी घामानं निथळत होतो आणि तिच्या कोरड्या कपाळाकडे बघून मला वाटलं, बरं आहे, हिला तेवढा त्रास होत नाहीये. मी हे जसंच्या तसं लिहितो आहे, कारण हा लेख मुळात त्याच वाटण्याविषयी आहे.

साकोलीच्या पुढे ती असंबद्ध बोलायला लागली. नागपुरात दोन रात्री तिला सलाइनवर ठेवावं लागलं. म्हातारपणी तहानेची जाणीवच बोथट होते, आणि उष्माघातात घाम थांबणं हे काही बरं लक्षण नव्हे, हे तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, ओरडल्या नाहीत. आई बरी झाली. त्या गाडीत मात्र ती पुन्हा बसलेली नाही.

•

तिसऱ्या दिवशी, ३० मेला, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं. आदल्याच दिवशी दिल्लीजवळच्या मुंगेशपूरच्या केंद्रानं ५२.९ दाखवून देशभर खळबळ उडवून दिली होती. इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळे तोच आकडा एकमेकांना मोबाइलवर दाखवत होते. मग हवामान खात्यानं तपासणी केली. मुंगेशपूरचं उपकरण सुमारे ३ अंश जास्त दाखवत होतं, आणि नागपूरच्या ५६चं कारणही संवेदकातला बिघाड हेच निघालं. शहरातल्या इतर केंद्रांवर त्या दिवशी चव्वेचाळीसच्या आसपास नोंद होती. खात्यानं योग्य तेच केलं. आकडा अविश्वसनीय वाटला, शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिला, प्रमाणित उपकरण नेऊन मोजलं, चूक कबूल केली.

पण मी आईच्या खाटेशेजारी बसून वेगळाच विचार करत होतो. तेच उपकरण ३ अंश कमी दाखवत असतं तर? ४४ असताना ४१? कुणी तपासणी पथक पाठवलं असतं का? बातमी झाली असती का? शेजारच्या केंद्राशी तुलना करायला तरी कुणी बसलं असतं का? मला तसं वाटत नाही. ४१ हा आकडा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. शाळा चालू ठेवायची आहे, रस्त्याचं काम थांबवायचं नाहीये, मुकादमाला मजूर दुपारी दोनपर्यंत हवे आहेत, अशा सगळ्यांना तो आकडा सोयीचा. कमी दाखवणाऱ्या उपकरणाला शत्रू नसतात.

माझ्याकडूनही तेच झालं होतं. तापमानाचा काटा वाईट बातमी देत होता, म्हणून मी त्याच्यामागे हात धुऊन लागलो. थर्मामीटर, दोन सेंसर, मिस्त्रींचा अर्धा दिवस. पेट्रोलचा काटा चांगली बातमी देत होता. त्याला मी एक प्रश्नही विचारला नाही.

•

कॉलेजात असताना प्रामाण्यवाद शिकवला गेला तेव्हा तो मला शब्दांचा खेळ वाटला होता. प्रश्न असा की एखादं ज्ञान झालं, तर ते खरं आहे हे कशावरून ठरतं? कुमारिल भट्टाचे मीमांसक म्हणत, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते झालं की खरंच धरायचं. ते खोटं ठरतं दोनच कारणांनी, एक तर त्याला छेद देणारं दुसरं ज्ञान होतं, नाहीतर ज्या साधनानं ते झालं त्या साधनातला दोष कळतो. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते खरेपणा बाहेरून सिद्ध व्हावा लागतो. दूर पाणी दिसलं, तुम्ही तिथं गेलात, प्यायलात, तहान भागली, मग ते पाणी दिसणं खरं होतं असं म्हणा. गेलात आणि वाळूच सापडली तर मृगजळ. वात्स्यायनानं आपल्या न्यायभाष्याची सुरुवातच या मुद्द्यानं केली आहे की ज्ञान कृतीत उतरून यशस्वी झालं की त्याचं साधन प्रमाण.

मीमांसकांचा या मताला आक्षेप बिनतोड आहे. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्याची साक्ष हवी म्हटलं, तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याची लागणार. माझ्या काट्याला थर्मामीटरची साक्ष. थर्मामीटरला कुणाची? कुठंतरी थांबावंच लागतं, नाहीतर माणूस बॉनेट उघडून तिथंच जन्मभर उभा राहील. म्हणून दैनंदिन जगण्यात आपण सगळे मीमांसक असतो. आधी विश्वास, दोष दिसला तर शंका. यात काही गैर नाही.

गैर आहे ते दोन्ही दर्शनांना न सुचलेलं तिसरंच काहीतरी. मी उष्णतेच्या बाबतीत नैयायिक होतो आणि पेट्रोलच्या बाबतीत मीमांसक. उष्णतेचा काटा, तुझा खरेपणा सिद्ध कर. पेट्रोलचा काटा, तू म्हणशील ते. कुणाला कुठलं दर्शन लावायचं हे मी माझ्या सोयीनं ठरवत होतो, आणि ठरवतो आहे हे मला कळतही नव्हतं. शंका घेणारा माणूस स्वतःला चिकित्सक समजतो. मीही समजत होतो. तीन आठवडे लोकांना रेडिएटरमधला थर्मामीटर कौतुकानं सांगत होतो.

म्हणून मला आता वाटतं की यात ज्ञानाच्या प्रश्नाइतकाच नीतीचाही प्रश्न आहे. शंका कशावर घ्यायची, कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं, हे ठरवताना आपला हितसंबंध आत शिरलेला असतो. बाजारात ही गोष्ट फार जुन्या काळापासून ओळखली गेली आहे. दुकानदाराच्या तराजूलाही आपण मराठीत काटाच म्हणतो, आणि तो काटा बरोबर आहे की नाही हे ठरवायचं काम कुठल्याच राज्यानं दुकानदारावर सोडलेलं नाही. आमच्याकडे नापतौल खात्याचा माणूस येतो, वजनं तपासतो, शिक्का मारतो. दुकानदार चोरच आहे असा त्याचा अर्थ नसतो. काटा दुकानदाराच्या बाजूनं झुकला तर ते दुकानदाराच्या लवकर लक्षात येणार नाही, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकला तर त्याच संध्याकाळी येईल, एवढंच त्या शिक्क्यानं गृहीत धरलेलं असतं.

•

इथवर आल्यावर एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. भोपाळ.

१९८४ साली रायपूर मध्य प्रदेशात होतं, भोपाळ आमची राजधानी. त्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या घरी भोपाळहून तार यायची वाट बघत लोक बसलेले मला आठवतात. त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब, रात्री साडेदहाच्या आधी २ पौंड होता, तो अकराच्या सुमाराला १० झाल्याचं दिसलं. काटा खरं बोलत होता. पण तिथली उपकरणं इतके महिने इतक्यांदा चुकली होती की कामगारांचा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता. शिवाय १० हा आकडा नेहमीच्या मर्यादेतलाच होता. वायू गळतो आहे हे ते उपकरणांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांच्या जळजळीवरून ओळखत. साडेअकराच्या सुमाराला डोळे जळजळायला लागले तेव्हाही चहानंतर बघू असं ठरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंदच होती. तिच्या हिशेबानं बसवलेला तापमानाचा इशारा ११ अंशांना वाजायचा, आणि टाकीतला द्रव तर कायमच त्याहून गरम. मग असा इशारा कुणाच्या काय उपयोगाचा?

त्या कामगारांनी वाईट बातमीवर अविश्वास दाखवला म्हणून त्यांना माझ्या रांगेत उभं करणं हा अन्याय होईल. त्यांच्या अविश्वासात सोय नव्हती. तो त्यांना शिकवला गेला होता. उपकरण बिघडलेलं आहे, दुरुस्त होत नाही, त्याच्याकडे न बघता काम करायचं, हे रोज बघत बघत माणूस शिकतो. दुरुस्तीवरचा खर्च कुठंतरी वरच्या मजल्यावर वाचवला जातो, आणि त्या बचतीतून खाली उभ्या असलेल्या माणसाची नजर बिघडते. काटा नादुरुस्त राहू देणं ही त्यामुळे निव्वळ हयगय राहत नाही. ज्यांनी त्या काट्याकडे बघून जीव वाचवायचा, त्यांना आपण तिकडे न बघायला शिकवत असतो.

हे लिहिताना मला माझंच वाक्य आठवतं, 'तो काटा तसाच आहे, घाबरू नका.' त्या तीन आठवड्यांत खरोखरच पाणी गळून इंजिन तापलं असतं तर माझ्या बायकोनं गाडी थांबवली नसती. तिला मीच तसं सांगितलं होतं. माझं पेट्रोल संपलं हे एका अर्थी स्वस्तात सुटणं होतं, आणि आईच्या खाटेशेजारी बसून स्वस्तात हा शब्द वापरायला जीभ रेटत नाही.

•

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी रायपूरला आणली, तापमानाचा काटा एचवर आणि पेट्रोल टाकी तोंडापर्यंत भरून. मिस्त्रींना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, हात पुसत होते. मग एकच प्रश्न विचारला, "पेट्रोल का कांटा कब से ऊपर है?"

मी आठवायला लागलो. आणि मला लाज वाटली, कारण आठवावं लागलंच नाही. "उसी दिन से."

"तो उसी दिन बताना था ना भैया. दोनों साथ चढ़े तो कांटा नहीं, डिब्बी."

डबी म्हणजे डॅशबोर्डमागे स्क्रूनं बसवलेली, काडेपेटीहून लहान वस्तू. बॅटरीचा दाब कमीजास्त होतो, इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्टच्या पुढे जातो. तो काट्यांपर्यंत तसाच गेला तर काटे त्याच्याबरोबर नाचतील. म्हणून ही डबी आतली पट्टी तापवून-निववून प्रवाह चालू-बंद करत राहते आणि काट्यांना सरासरी १० व्होल्ट मिळतील असं बघते. तापमान आणि पेट्रोल, दोन्ही काट्यांना तीच पुरवठा करते. या डबीला गाडीच्या लोखंडाशी पक्का जोड लागतो, अर्थ लागतो. तो सुटला की आतली पट्टी तापतच नाही, चालू-बंद थांबतं आणि बॅटरीचा सगळा दाब सरळ काट्यांवर जातो. काट्यातली उष्णता दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १०चा वर्ग १००, साडेतेराचा १८२. म्हणजे जवळपास पावणेदोन पट. मधे असायचा तो तापमानाचा काटा एचवर, आणि रिकाम्या टाकीचा काटा पावाजवळ.

"इसको अर्थ नहीं मिल रहा था," मिस्त्री म्हणाले. मला त्याही परिस्थितीत हसू आलं.

डबीचा स्क्रू सैल होता आणि त्याखाली गंजाची पूड होती. एप्रिलच्या त्या रविवारी डॅशबोर्ड मीच उघडला होता, आणि मीच तो बसवला होता. मिस्त्रींनी पॉलिशपेपरनं जागा घासली, स्क्रू आवळला. दहा मिनिटं. दोन्ही काटे एकदम खाली आले. पैसे घेतले नाहीत. दोन सेंसरचे मी आधीच दिले होते, त्याचं त्यांनाही वाईट वाटत असावं.

मी निघताना ते म्हणाले की आता काटा मधे दिसेल, पण मधे दिसतो म्हणून बिनधास्त राहू नका. सगळ्यात धोक्याचा काटा तो, जो चढत चढत एकदम खाली येतो. पाणी पूर्ण निघून गेलं की सेंसर कोरडा पडतो, त्याला पाण्याची आच लागत नाही, आणि इंजिन जळत असताना काटा गारवा दाखवतो. माणूस म्हणतो, चला, थंड झाली. ते हे गाडीबद्दलच बोलत होते. मला पळसाखालचं आईचं कोरडं कपाळ दिसलं.

•

संशय नसताना तपासायचं, याला कामाच्या जगात एक साधं नाव आहे, कॅलिब्रेशन. पुण्याच्या हवामान खात्यात १९४८पासून ॲना मणी यांनी उपकरणांचं जे काम उभं केलं, त्याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे. शंभरेक उपकरणांची रेखाचित्रं त्यांनी प्रमाणित केली, ती देशात बनवायला सुरुवात केली, आणि देशातली उपकरणं एकमेकांशी ताडून बघण्याचा आग्रह धरला. ताडून बघण्यात बातमी नसते, शोध नसतो. बहुतेक वेळा उत्तर 'बरोबर आहे' असंच येतं. तरी तारीख आली की करायचं, आकडा आवडला म्हणून सोडायचं नाही आणि नावडला म्हणून दुप्पट करायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला ठरलेली तारीखच वाचवू शकते, कारण माझ्या संशयावर माझा आता भरवसा नाही.

आमच्या घरी ही तारीख होती. वडील प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना किलोमीटरचा आकडा आणि लिटर एका डायरीत लिहीत. पेट्रोलचा काटा बरोबर असतानाही लिहीत. आम्ही मुलं त्यावर हसायचो, पंपावरचा पोराच्या हातातलं नोझल थांबायचं आणि मागची गाडी हॉर्न वाजवायची तरी त्यांचं पेन खिशातून निघायचं. ती डायरी माझ्याकडे आहे. त्यांच्या अक्षरात शेवटची नोंद २०११ची. माझ्या अक्षरात त्यापुढे चार नोंदी, मग काही नाही. ती चालू ठेवली असती तर वीस लिटर म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, हे मला राजनांदगावलाच, पंपासमोरून जातानाच, कागदावर दिसलं असतं. वडील गाडीवर प्रेम करायचे असं आम्ही म्हणायचो. मला आता वाटतं ते मागच्या सीटवर बसणाऱ्यांचा हिशेब ठेवायचे.

पावसाला सुरुवात झाल्यावर, एका रविवारी, मी सेंसर काढला. काटा मधे होता, सगळं ठीक होतं. पोर्चमध्ये लहान शेगडी ठेवली, पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, सेंसरला दोन लांब वायरी जोडून एक गाडीच्या वायरीला आणि एक इंजिनाच्या लोखंडाला लावली आणि तो पाण्यात सोडला. रायपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथं पाणी ९९ अंशांना उकळतं. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. काटा सावकाश चढला आणि एचच्या एक रेघ खाली थांबला. मी डायरीत तारीख घालून तसं लिहिलं.

नागपूरहून रेल्वेनं परत आलेली आई दारात येऊन उभी होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ते चहाचं पातेलं आहे रे. त्यात आता चहा नको करू."